बारा आणि अठ्ठ्याऐंशी

आमच्या घरात टोपी सगळ्यांत आधी कळली ती मला, आणि मला त्याचा अभिमान वाटला. खोटं कशाला सांगू? मम्मी आत बेशुद्ध पडलेली, पप्पांनी चार दिवस दाढी केलेली नाही, आणि मी बाहेर नातेवाइकांच्या खोलीत उभी राहून वीस-पंचवीस माणसांना मेंदू समजावून सांगतेय, अशी ती वेळ होती.

गेल्या वर्षापर्यंत वर्गात हजेरी देतानासुद्धा मला घाम फुटायचा. अकरावीत विज्ञान प्रदर्शनात बोलले, जिल्ह्यात पहिली आले आणि तेव्हापासून तोंड मिटेना. मम्मी म्हणायची, "इतकी वर्षं हिचा फ्यूज उडालेला होता. आता कुणीतरी डायरेक्ट जोडून दिलंय."

मम्मी वायरमन. कागदावर 'महिला तंत्रज्ञ रेश्मा झांबरे', पण अख्ख्या तासगावात 'वायरमन बाई'. आता खांबावर ड्रोन चढतात, खरंय. पण ड्रोनच तारांत अडकला की त्याला सोडवायला मम्मी चढायची, आणि वरून खाली उभ्या असलेल्या साहेबाला सुनवायची, "घ्या तुमचं पाखरू!"

त्या सोमवारी सबस्टेशनच्या केबिनमध्ये डबा उघडता उघडता ती खाली बसली. डोकं फुटतंय म्हणाली. मग जीभ जड झाली. मग काहीच नाही. बीपीच्या गोळ्या तिच्या पर्समध्ये सापडल्या, पंधरा दिवसांच्या, एकही न फोडलेली.

पेठनाक्याच्या पुढं हायवेला लागून विभागीय मेंदूविकार केंद्र झालंय, तिथं तिला आणली. डॉक्टर शबाना मणेर. बारीक अंगाच्या, केस अर्धे पांढरे, आणि डोळ्यांखाली कायमची काळी वर्तुळं. त्यांनी पप्पांना आणि मला स्कॅनवरचा पांढरा डाग दाखवला. रक्तस्राव मेंदूच्या मधोमध, थॅलॅमस नावाच्या गाठीत झाला होता.

"थॅलॅमस म्हणजे काय हो?" पप्पांनी विचारलं. पप्पा बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला सुपरवायझर आहेत. कमी बोलतात.

"मेंदूचं सबस्टेशन," मीच म्हणाले. आम्हाला धडा होता. "बाहेरचं सगळं तिथं येतं. आवाज, उजेड, स्पर्श. मग तिथून वर वाटलं जातं. जागसुद्धा तिथूनच वर जाते. ते बंद पडलं की वरचा मेंदू धड असला तरी अंधारात."

मणेर मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "बरोबर," म्हणाल्या. मला तेवढ्या वेळेपुरतं छान वाटलं. त्याची लाज नंतर वाटायची होती.

पाचव्या दिवशी मम्मीला टोपी घातली. टोपीचं सरकारी नाव भलंमोठं आहे, कुणी घेत नाही. दिगूमामा, म्हणजे मम्मीचा धाकटा भाऊ, पहिल्याच दिवशी म्हणाला, "सरकारनं आजवर आपल्याला बऱ्याच टोप्या घातल्या, पण ही दिसणारी पहिलीच." पप्पासुद्धा हसले. त्या सबंध महिन्यात ते तेवढंच हसले.

टोपीत शेकडो बारीक बटणं असतात, त्वचेला चिकटणारी. कानात आधी अनोळखी आवाज लावतात. मग पेशंटचं नाव. मग 'उजव्या हाताची मूठ वळा' अशी सूचना, पुन्हा पुन्हा. शेवटी घरच्या माणसाचा आवाज. हात हलत नाही, पापणी हलत नाही. पण मूठ वळायचा नुसता विचार जरी आत उमटला तरी मेंदूच्या त्या भागातली वीज किंचित थरथरते. टोपी ती थरथर पकडते. मग थरथर, स्कॅन, वय, बीपी असं सगळं एकत्र करून ती आधीच्या हजारो पेशंटांशी ताडून बघते आणि एक आकडा देते. अशा शंभर जणांपैकी किती जण नव्वद दिवसांत डोळे उघडून सांगितलेलं ऐकतात, तो आकडा.

घरचा आवाज म्हणून पप्पांना बोलायला सांगितलं. त्यांच्या तोंडून "रेश्मा" एवढंच आलं, पुढं येईना. मग मी माइक घेतला. काय बोलावं सुचेना आणि एकदम ओरडले, "मम्मी, लाईट गेली गं!"

अख्खं तासगाव तिला वीस वर्षं हेच सांगत आलंय. पडद्यावरची रेघ टुणकन वर गेली. सिस्टर म्हणाल्या, "अगं, हे ठेव. रोज हेच लावू."

आकडा आला चौदा.

मी पळत बाहेर गेले. "पप्पा, चौदा! म्हणजे मम्मीसारख्या चौदा जणी उठून बसतात! चौदा म्हणजे वर्गातल्या दोन बाकांच्या रांगा!"

पप्पांनी मान हलवली आणि खिडकीकडे तोंड केलं.

केंद्रात खाटा बावीस आणि यादीत थांबलेले कायम चाळीसेक. म्हणून नियम केलेला: आकडा लागोपाठ तीन दिवस दहाच्या खाली आला की बेड सोडायचा. घरी ऑक्सिजन देतात, एक नर्स आठवड्यातून दोनदा येते. बाकी श्वासाच्या, अन्नाच्या नळ्या निघतात. रोज सकाळी अकराला नातेवाइकांच्या खोलीतल्या पडद्यावर बेड नंबर आणि त्यापुढं आकडा झळकायचा. अकराच्या आधी दहा मिनिटं खोलीत कुणी डबा उघडायचं नाही की फोन घ्यायचं नाही.

आणि आकडे झळकले की सगळे माझ्याकडे वळायचे.

"ए पोरी, सतरा म्हंजे?" "कालच्यापेक्षा दोन खाली गेलं, काय झालं असंल?" मी सांगायची. हातवारे करून, उदाहरणं देऊन. डॉक्टर दोन मिनिटं बोलून निघून जायचे, मी अर्धा अर्धा तास बोलायची. आठ दिवसांत माझं नाव 'डॉक्टरीणबाई' पडलं. कुणी चहा आणून द्यायचं, कुणी घरून आणलेला लाडू. बारावीत घरोघर वाद चाललेला असतो ना, आपल्याला काय व्हायचंय त्याचा, तो माझ्यापुरता त्या खोलीत मिटला.

सहा नंबरच्या बेडवर मारुती अण्णा होते. शिराळ्याच्या पुढच्या एका वाडीचे, बेचाळीस-त्रेचाळीसचे, गवंडीकाम करणारे. मम्मीच्या वयाचे आणि नेमका तसाच रक्तस्राव. त्यांची बायको छायाकाकू दिवसभर दाराजवळच्या सतरंजीवर बसून असायची. मला पाण्याची बाटली भरून द्यायची, केस विंचरून दे म्हणाले तर वेणी घालून द्यायची.

अकराव्या दिवशी, गुरुवारी, अण्णांचा आकडा आला बारा. काकूनं मला जवळ बसवलं. तिचा दीर मागं उभा होता.

"बारा म्हंजे किती गं बाई? चांगलं का वाईट, तेवढं सांग. मला उगं झुलत ठेवू नगंस."

मी सरसावून बसले. "काकू, असं समजा, अण्णांसारखी शंभर माणसं शंभर खाटांवर झोपलीयत. नव्वद दिवसांनी आपण बघायला गेलो, तर त्यातली अठ्ठ्याऐंशी उठलेली नसतात."

"अठ्ठ्याऐंशी," काकू म्हणाली.

"हो."

"लईच की."

दिरानं घसा खाकरला. "वैनी, मग श्वास हाय तवर घरी नेऊया. हितं परक्या खाटेवर कशाला?"

आमच्या भागात हे असंच आहे. माणसानं दवाखान्याच्या खाटेवर जाऊ नये. जीव असतानाच उंबऱ्याच्या आत आला पाहिजे, आपल्या माणसाच्या हातचं पाणी ओठाला लागलं पाहिजे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नाही. दुपारी त्यांनी सह्या केल्या. गाडी निघताना काकूनं माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली.

शुक्रवारी दुपारी अण्णा गेल्याचा फोन आला. खोलीतल्या बायका म्हणाल्या, बरं झालं, घरी पोचले.

पंधराव्या दिवशी, सोमवारी, अकराला पडदा लागला. मम्मीचा बेड नंबर नऊ. त्यापुढंही नऊ.

मला वाटलं, मी चुकून बेड नंबरच दोनदा वाचतेय. पुन्हा वाचलं. रविवारी चौदा होते. खोलीत कुणी माझ्याकडे वळलं नाही. पहिल्यांदाच सगळे दुसरीकडे बघत होते.

मी सरळ मणेर मॅडमच्या केबिनमध्ये घुसले. दार वाजवायचंही सुचलं नाही.

"मॅडम, मम्मीला काय झालं? पुन्हा रक्त आलं का?"

"बस. नाही. स्कॅन तसाच आहे. बीपी चांगलं आहे. थरथर तर शनिवारपेक्षा जरा जास्तच आहे."

"मग पाच आकडे गेले कुठं?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "तुझी आई बदलली नाही. टोपी बदलली. दर रविवारी ती नव्यानं शिकते. त्या आठवड्यात ज्या पेशंटांचा निकाल लागला, ते तिच्यात जातात. जो पेशंट जितका जास्त जुळतो तितकं त्याला वजन जास्त. या आठवड्यात तुझ्या आईशी जवळजवळ तंतोतंत जुळणारी एक केस आली. तीच गाठ, तीच बाजू, वय तेच. निकाल, 'उठले नाहीत'."

"बेड सहा?"

त्यांनी पेन पुन्हा उचललं.

"पण अण्णांना तर घरी नेलं! नळी काढून नेलं मॅडम! नळी काढल्यावर कोण उठेल?"

"टोपीकडे रकाने दोनच आहेत, स्वरांजली. उठले आणि उठले नाहीत. घरी नेले असा रकाना नाही. यंत्र जिथं बनवलं तिथं माणसं पेशंटला घरी नेत नाहीत, म्हणून त्यांना तो सुचलाच नाही."

"असे किती?"

त्यांनी संगणकावर काहीतरी दाबलं. बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटतं, हा प्रश्न त्यांनी स्वतःला आधीच विचारलेला होता. "तुझ्या आईच्या जवळच्या केसेस दोनशे बारा. त्यातल्या एकशे एकतीस घरी नेलेल्या."

मी गणितात बरी आहे. आकडा लहान, म्हणून माणसं घरी नेतात. घरी नेली, म्हणून मरतात. मेली, म्हणून पुढच्या माणसाचा आकडा आणखी लहान. टोपीला वाटत होतं, आमच्याकडची माणसं जागीच होत नाहीत. आणि त्या साखळीत गुरुवारी सकाळी एक कडी मी जोडली होती, स्वतःच्या तोंडानं, हातवारे करून.

"तुम्ही हे वर कळवलं नाही?"

"तीनदा. समिती बसलीय. ती उठेपर्यंत..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग ड्रॉवरमधून एक कागद काढला. "एक मार्ग आहे. घरी नेल्यावर पेशंटमध्ये काही हालचाल दिसली होती, असं जवळच्या माणसानं सही करून दिलं, तर ती नोंद 'निकाल अज्ञात' म्हणून बाजूला काढता येते. मग टोपी त्याच दिवशी पुन्हा मोजते. पण हे मी त्यांच्याकडे मागू शकत नाही. डॉक्टरनं मागितलं तर तो दबाव होतो. आणि तू मागावंस असंही मी म्हणत नाही."

कागद मात्र त्यांनी टेबलावर माझ्या बाजूला ठेवला आणि फोन उचलला.

मंगळवारीही नऊ. पप्पांनी मला जिन्यात गाठलं.

"स्वरे, उद्या ते बोलवून सांगायच्या आधी आपणच तिला घरी नेऊया."

"पप्पा, तुम्हाला मी काल सगळं सांगितलं ना? घरी नेली तर ती एकशे बत्तिसावी होईल."

"माझ्याशी आकड्यात बोलू नकोस!" पप्पा माझ्यावर कधी ओरडत नाहीत. जिन्यात दोघंतिघं थबकले. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "माझी बायको आहे ती. खांबावर चढली की खालनं हाक मारलेली तिला आवडायची नाही, लक्ष जातं म्हणायची. आता सोळा दिवस झाले, सगळे तिच्या कानात नुसते हाका मारतायत. तिला शांत पडू दे जरा."

"उद्या अकरापर्यंत थांबा. एवढंच मागते."

ते जिन्याच्या पायरीवर बसले. नाही म्हणाले नाहीत.

दिगूमामानं मला गाडीवर घेतलं. शिराळा मागं टाकून आम्ही काकूच्या वाडीकडे वळलो. वाडीचा चढ लागला तेव्हा तो म्हणाला, "हे बघ, काय सांगत बसू नकोस. दवाखान्याचे कागद आहेत म्हण, सही घे, चल. बाईला आधीच दुःख आहे. कशाला आणखी?"

मला ते पटलं. खरंच पटलं. वाटलं, हेच दयाळूपणाचं आहे.

काकू पडवीत भिंतीला टेकून बसली होती. मला बघितल्यावर तिनं हात पुढं केला. "ये गं डॉक्टरीणबाई. आई कशी हाय?"

"आहे तशीच."

"हूं." तिनं मला शेजारी ओढून घेतलं. आत बायका होत्या, त्यांच्याकडे वळून म्हणाली, "हीच ती. हिनं नीट फोड करून सांगितलं म्हणून माझं मन घट्ट झालं बघा. डॉक्टर काय, इंग्रजीत बोलून जातो. ही नसती तर मी हललेच नसते तिथनं. परक्या खाटेवर गेलं असतं माणूस."

मामा अंगणात गाडीशी उभा राहून आमच्याकडे बघत होता.

"काकू, गाडीत अण्णांनी काही... हात वगैरे हलवला होता का?"

तिचा चेहरा उजळला. खरंच उजळला. "तुला कुणी सांगितलं? अगं, शिराळ्याचं वळण गेलं आणि मी म्हटलं, आवो, आलं बरं का गाव. तर माझं बोट असं दाबलं. मला वाटलं भास. पुन्ना म्हटलं, तर पुन्ना दाबलं. आणि दारात उतरवलं तवा डोळं उघडलं. हिकडं बघितलं, त्या पेरूच्या झाडाकडं बघितलं. दीर बी हुता, इचार त्याला. निरोप घिऊन गेलं माणूस. किती जणांच्या नशिबी असतंय?"

आतली एक म्हातारी "व्हय, व्हय" म्हणाली.

मी पिशवीतून कागद काढला. "काकू, हे दवाखान्याचे कागद आहेत. नुसती सही हवीय."

"दे की." तिनं पेन घेतलं. मग थांबली आणि कागद मला परत दिला. "माझा चष्मा आत हाय. तूच वाच. तू झकास वाचतीस."

मामानं अंगणातून माझ्याकडे बघून मान हलवली. काहीतरी दुसरंच वाचता आलं असतं. कुणाला कळणार होतं? मी कागदाकडे बघितलं आणि जे लिहिलं होतं तेच वाचलं. "मी लिहून देते की, रुग्णास घरी नेत असताना व नेल्यानंतर रुग्णामध्ये सुधारणेची चिन्हे दिसून आली होती."

बाहेर कोंबडी फडफडली.

"सुधारणेची?" ती म्हणाली.

"हो."

"निरोप न्हवं?"

मी कागद आमच्या दोघींच्या मधे ठेवला.

"म्हंजे ते उठणार हुते?"

"माहीत नाही काकू. कुणालाच माहीत नाही. नळी असती तर... शंभरातले बारा जण उठतात."

तिनं माझ्याकडे बघितलं. तसं माझ्याकडे आजवर कुणी बघितलेलं नाही.

"तू तर अठ्ठ्याऐंशी म्हणली हुतीस."

एक आकडा शंभरातून वजा केला की दुसरा येतो, हे तिसरीतलं गणित. दोन्ही खरे. गुरुवारी मी दोन्ही सांगू शकत होते. मम्मीच्या वेळी मी चौदा ओरडत पळाले होते, शहाऐंशी माझ्या मनातसुद्धा आले नव्हते.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "आणि हा कागद मम्मीसाठी हवाय. अण्णांची नोंद तिच्या आकड्यात गेलीय. ती निघाली नाही तर उद्या तिच्या नळ्या काढतील."

सगळं एका दमात सांगितलं. लपवायला काही उरलं नाही. दीर दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "वैनी, काय गरज न्हाई सही करायची. जाऊ दे त्यास्नी."

काकूनं कागद गुडघ्यावर घेतला. चष्मा नसतानाही तिला सहीची जागा बरोबर सापडली. 'छाया मारुती येवले' एवढं लिहायला तिला किती वेळ लागला ते सांगता येणार नाही. मग कागद माझ्याकडे न देता जमिनीवर ठेवला.

"आता जा," म्हणाली.

उतारावर मामा गाडी चालवत होता आणि मी मागं बसून रडत होते. तो एकदाही ओरडला नाही, "का वाचलंस?" म्हणून. शिराळ्याच्या वळणावर त्यानं गाडी उगाचच हळू केली.

उचलून आणलेला तो कागद मी रात्रीच मॅडमच्या टेबलावर ठेवला. बुधवारी अकराला आकडा आला अकरा. पप्पा खुर्चीत बसून दोन्ही हातांत तोंड धरून रडले. खोलीतल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. मणेर मॅडम दारातून डोकावल्या, पडद्याकडे बघितलं आणि निघून गेल्या.

त्यानंतर मी कुणाचा आकडा समजावून सांगितला नाही. कुणी विचारलं तर म्हणते, मॅडमना विचारा. लोकांना वाटतं पोरीला गर्व झाला.

आज एकेचाळिसावा दिवस. मम्मीनं डोळे उघडलेले नाहीत. आकडा अकरावर आहे, परवा एकदा दहा झाला होता. कॉलेज बुडतंय. पप्पा पुन्हा कामाला जायला लागलेत, संध्याकाळी येतात. मम्मीचे हात मऊ पडलेत. हातमोजे घालून घालून तळव्याला पडलेले घट्टे गेले. मी रोज तिची नखं बघते, वाढली की कापते.

आणि काकू येते. अण्णांचं तेरावं झाल्यापासून. पहिल्या एसटीनं निघते आणि अकराच्या आधी पोचते. पहिल्या दिवशी मी उठून खुर्ची दिली तर ती दुसऱ्या बाजूला जाऊन बसली. सुट्टीच्या दिवशी पप्पा भेटले की त्यांच्याशी बोलते, शेळी व्याली, भिंतीचं काम अर्धं राहिलंय, असं. त्यांच्यासाठी भाकरी आणते. माझ्याशी एक शब्द नाही. आकडा लागतो तेव्हा पडद्याकडे बघतसुद्धा नाही. आत जाणाऱ्या सिस्टरना थांबवून एवढंच विचारते, "नऊ नंबरनं डोळं उघडलं का?" सिस्टर नाही म्हणतात. मग ती एकच्या एसटीला जाते.

मला वाटायचं, ती माझं तोंड बघायला येते. मी तिच्याकडून घेतलेलं काहीतरी वसूल करायला येते. आणि ते बरोबरच आहे असंही वाटायचं.

काल सिस्टर नाही म्हणाल्या तरी ती गेली नाही. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. दंडावरची पिशवी सारखी केली.

"पोरी."

मी उठून उभी राहिले.

"तुझी आई उठली की पैल्यांदा मला बोलाव. तुझ्या बापाच्या आदी न्हाई म्हणत. पण लगीच."

"हो काकू."

"तिला येक इचारायचंय." काकूनं इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली केला. "आत तशी पडून असताना तिला भाईरचं ऐकू येत हुतं का, तेवढंच. आम्ही त्यांच्या उशाशी बसून ठरवलं सगळं. मी, दीर, पुतण्या. गाडी कुणाची, कोण कोण बसणार, घरी कुणी पुढं जाऊन जागा सारवायची. मोठ्यानं बोललो गं. वाटलं, झोपलंय माणूस."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी टोपीबद्दल एवढं बोललेली मुलगी, मला हे नक्की ठाऊक असणार, असं तिला वाटत असावं. मला 'लाईट गेली गं' म्हटल्यावर टुणकन वर गेलेली रेघ आठवली.

"मम्मी उठली की मी बोलावते तुम्हाला," मी म्हणाले.

"बोलाव," ती म्हणाली, आणि एसटीला गेली.